जुना संगणक, घरचा वाढपी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



"तुमच्या घरच्या त्या खोक्याबद्दल चार शब्द सांगा," असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून मी उभी आहे. एरवी ह्या व्यासपीठावरून आपण मुलांचे संगोपन, आहार, घरखर्च असल्या विषयांवर ऐकतो. माझा विषय प्रथम ऐकताना परका वाटेल. परंतु तो आहे साठवणीचा, आणि साठवण हा तर आपलाच प्रांत आहे.

घरात पडून राहिलेला किंवा एखाद्या कचेरीतून निकालात निघालेला जुना संगणक भंगारात न घालता त्याचा घरासाठी 'सर्व्हर' करावयाचा, हा तो विषय. ह्या इंग्रजी शब्दाने कोणी बिचकू नये. सर्व्हर म्हणजे वाढपी. पंगतीत वाढपी स्वतः पानावर बसत नाही. पातेले घेऊन उभा असतो, आणि ज्याची हाक आली त्याच्या पानात जे हवे ते वाढतो. हे यंत्रही तसेच. त्याला पडदा नको, टंकायच्या कळा नकोत. ते कोपऱ्यात बसून असते. घरातल्या कोणत्याही फोनवरून वा टीव्हीवरून हाक मारावी, की मुंजीचे फोटो म्हणा, विजेची बिले म्हणा, जे मागाल ते पुढे करते. हे सगळे घरच्या वायफायवर चालते, त्याला इंटरनेट लागत नाही.

आता कोणी म्हणेल, हा खटाटोप हवा कशाला? फोनमध्ये सगळे असतेच. ह्याचे उत्तर मी जरा सविस्तर देणार आहे, कारण यंत्रापेक्षा मला हेच अधिक महत्त्वाचे वाटते.

आमच्या नात्यातल्या एका बाईंचे यजमान २०२१ च्या साथीत गेले. फोटो काढण्याची हौस त्यांना. मुलांच्या वाढदिवसांचे, सहलींचे, घराच्या वास्तुशांतीचे सगळे फोटो त्यांच्या फोनात. फोनला कुलूप, आणि कुलपाचा आकडा त्यांच्याबरोबर गेला. बाई तो फोन अजून चार्ज करून ठेवतात. पडद्यावर दोघांचा एक फोटो दिसतो, तेवढाच. त्याच्या पलीकडे त्यांना जाता येत नाही. संसार दोघांचा, आणि त्याच्या आठवणींची किल्ली एकाकडे, अशी किती घरे असतील ह्याचा आपण कधी विचार केला आहे का? घरातल्या धान्याची कोठी कुठे आहे हे सर्वांना ठाऊक असते. फोटो, कागदपत्रे, आवाज कुठे आहेत हे मात्र ज्याचे त्यालाच.

दुसरी गोष्ट माझ्या सासूबाईंची. त्यांना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येतात. आम्ही घरातल्यांनी त्या ज्याच्या त्याच्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या. काही माझ्या, काही मुलीच्या, काही धाकट्या भाऊजींच्या. भाऊजींचा फोन पावसात भिजला तो पुन्हा सुरू झाला नाही. त्यातल्या ओव्या परत म्हणा म्हणून आम्ही सासूबाईंना बसवले, तेव्हा त्यातल्या काही त्यांना आता आठवत नाहीत असे कळले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्या दोघांनी अनेक वर्षे खपून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखावर ओव्या गोळा करवल्या. ते थोर कार्य आहे. पण आपल्या घरातल्या म्हातारीचा आवाज आपणच राखायचा. तो राखायला बाहेरून कोणी येणार नाही.

इंटरनेटवर भाड्याची जागा मिळते, हे मला माहीत आहे. गूगल एका खात्याला १५ जीबी जागा फुकट देते, आणि जून २०२१ पासून नवे फोटोही त्याच मापात धरले जातात. ती भरली की दरमहा भाडे. भाड्याच्या घरात राहणे वाईट असे मी म्हणत नाही; आपल्यापैकी कित्येकींचे संसार तसेच सुखाने चालले आहेत. पण भाड्याची जागा जोवर भाडे तोवर आपली, आणि करार बहुधा घरातल्या एकाच माणसाच्या नावावर असतो. मला एक प्रत आपल्या छपराखाली हवी होती.

यंत्र कसे मिळाले ते सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ह्या प्रणालीचा नेहमीचा आधार संपला. नवी विंडोज ११ साधारणपणे २०१८ च्या आधीच्या यंत्रांना चालत नाही. ती एक सुरक्षेची चकती आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर मागते. त्यामुळे ह्यांच्या कचेरीत २०२५ च्या दिवाळीनंतर चांगले चालते संगणक निकालात निघाले. चालत्या बैलाला केवळ वयावरून बाजार दाखवावा तसेच हे झाले. आम्ही त्यातला एक पंधराशे रुपयांस घेतला. कोअर आय-३, चौथ्या पिढीचा. ४ जीबी रॅम. ५०० जीबीची हार्ड डिस्क. नव्या कामाला तो दुबळा वाटेल, पण फायली वाढण्याच्या कामाला एवढी ताकद पुरून उरते.

प्रथम सफाई. वायर काढून, झाकण उघडून, कोरड्या रंगाच्या ब्रशाने पंख्यातली धूळ झाडली. जे निघाले त्याची एक लहानशी उशी झाली असती! ओले फडके मुळीच लावू नये. आत नाण्याएवढा एक सेल असतो, त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. जुन्या यंत्रात तो संपलेला असतो, आणि मग यंत्र दरवेळी तारीख विसरते. स्वस्त वस्तू आहे, बदलून टाकावी.

त्यानंतर हार्ड डिस्कची प्रकृती पाहावी. ती किती तास चालली आणि तिच्यावरच्या किती जागा निकामी झाल्या ह्याची नोंद डिस्क स्वतःच ठेवते. ती वाचण्याचे साधन फुकट मिळते. आमच्या डिस्कवर एकतीस हजार तास निघाले. वर्षाचे तास ८,७६० म्हणजे अखंड साडेतीन वर्षांची चाकरी झाली. तिच्यावर मी फक्त चालविणारी प्रणाली ठेवली आणि घरच्या जिनसांसाठी २ टीबीची नवी डिस्क घेतली. खरा खर्च झाला तो एवढाच. यंत्र जुने चालेल, पण ज्यात मौल्यवान ते ठेवायचे ती डिस्क जुनी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फुटक्या बरणीत कोणी मुरांबा भरत नाही.

प्रणाली घातली ती डेबियन नावाची. लिनस टॉरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली हेलसिंकीत लिनक्सचा पाया घातला, आणि त्यावर १९९३ साली इयन मरडॉक ह्याने डेबियन उभे केले. नाव त्याच्या मैत्रिणीचे व स्वतःचे जोडून झाले आहे, डेब्रा अधिक इयन. म्हणजे ह्या नावात बाईचा वाटा अर्धा, आणि तोही आधी! ती फुकट मिळते, जगभरचे लोक हौसेने तिची देखभाल करतात. पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायची आणि यंत्र त्यावरून सुरू करायचे. सुरुवातीला भाषांची यादी येते, त्यात मराठी आहे. माझे शिक्षण सातवी. ती यादी पाहून मला किती हुरूप आला ते मी सांगू शकत नाही. पुढे हुकूम इंग्रजी अक्षरांतच द्यावे लागतात, पण ते दहाबारा आहेत आणि मी ते मुलाच्या जुन्या वहीत उतरवून ठेवले आहेत. आमचा भाचा डिप्लोमाला आहे. पहिल्या दिवशी तो शेजारी बसला होता. हात मात्र माझे होते, अशी अटच मी घातली होती. तो परत गेल्यावर अडले तर काय करायचे?

मांडताना चित्रे, खिडक्या, सजावट असले सर्व नको म्हणावे. वाढप्याला जरीचा फेटा लागत नाही. त्याने रॅम वाचते.

पुढचा प्रश्न पत्त्याचा. घरातला राउटर हा वाड्याच्या मुनिमासारखा असतो. जो येईल त्याला तो खोलीचा नंबर देतो, पण आज दिलेला नंबर उद्या बदलू शकतो. फोनचे चालते, वाढप्याची जागा रोज बदलली तर हाक कुठे मारायची? म्हणून राउटरला सांगून ठेवावे लागते, की हा नंबर ह्याच्यासाठी राखून ठेव. आमच्या यंत्राचा नंबर १९२.१६८.१.१० असा आहे आणि तो मी फ्रीजच्या दारावर चिकटवला आहे. राउटरपासून यंत्रापर्यंत केबलच घालावी, वायफायवर ठेवू नये. मोठे व्हिडिओ मग अडखळत नाहीत.

फायली वाटण्याचे जे साधन घातले त्याचे नाव सांबा. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल ह्या विद्यार्थ्याने ते १९९२ च्या सुमारास सुरू केले. त्याला एस, एम, बी ही तीन अक्षरे ओळीने येणारा शब्द हवा होता, तो त्याने शब्दांच्या यादीत शोधला आणि सांबा सापडला. नाचाशी काही नाते नाही. ह्या साधनात मी चार कप्पे केले. एक सर्वांचा, एक फोटोंचा, एक सासूबाईंचा, आणि एक आपल्या मंडळाचा, ज्यात जुने अहवाल आणि सहलींचे फोटो आहेत. सासूबाईंच्या कप्प्यातले कोणीही ऐकावे, पण पुसण्याचा अधिकार फक्त माझा. आमच्याकडे पाच वर्षांपासून अठ्ठ्याहत्तर वर्षांपर्यंत माणसे आहेत आणि सगळ्यांची बोटे पडद्यावर सारखी फिरतात, तेव्हा ही शिस्त हवीच.

फायलींना नावे देण्याचे काम मात्र यंत्र करीत नाही. 'रेकॉर्डिंग सात' असल्या नावाने काही बोध होत नाही. सगळ्या डब्यांवर 'डबा' असे लिहून ठेवण्यापैकीच ते. मी आधी साल, मग महिना, मग दिवस, आणि मग माणसाचे व प्रसंगाचे नाव असे लिहिते. साल आधी लिहिले की यंत्र आपोआप काळाप्रमाणे ओळ लावते. ह्या कामाला मला दोन महिने लागले, रोज दुपारी अर्धा तास. फोटोंतली माणसे ओळखायला सासूबाई शेजारी बसत. एका जुन्या फोटोतल्या तीन बायकांची नावे आता त्यांच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती. ती आता फायलीत आहेत.

टीव्हीवर व्हीएलसी नावाचे ॲप घेतले, त्यातून घरच्या जाळ्यावरचे कप्पे दिसतात. एका संध्याकाळी त्यातून सासूबाईंची ओवी लावली. त्या ऐकत बसल्या, आणि मध्येच म्हणाल्या, "अगं, इथे मी एक ओळ गाळली." आणि ती ओळ त्यांनी म्हटली. लगेच फोन पुढे धरला. त्यानंतर त्या दर दोन-चार दिवसांनी स्वतःच ऐकायला मागतात, आणि ऐकता ऐकता आणखी काही आठवते. भाऊजींच्या फोनाबरोबर गेलेल्यांपैकी दोन अशा परत आल्या आहेत. बाकीच्यांची वाट पाहतो आहोत.

आता विजेचे बोला, असे मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणणारच. आमचे यंत्र स्वस्थ बसले असता सुमारे ३५ वॅट घेते. चोवीस तासांचे झाले ८४० वॅट-तास, म्हणजे एका युनिटाहून थोडे कमी. महिन्याचे पंचवीस युनिट. जुना ७५ वॅटचा पंखा रोज अकरा तास चालला तर एवढीच वीज जळते. आपापल्या दराने गुणून पाहावे. मला ते जास्त वाटले. सर्व्हर चोवीस तास जागाच हवा असा काही शास्त्राधार नाही. रात्री फोटो कोण पाहते? म्हणून आमचा वाढपी सकाळी सहाला उठतो आणि रात्री दहाला झोपतो. उठण्याची वेळ यंत्राच्याच मूळ मांडणीत बसवता येते. त्यामुळे महिन्याचे आठ युनिट वाचले. जिच्याकडे डेस्कटॉपऐवजी जुना लॅपटॉप असेल ती आणखी सुखी: तो वीज निम्म्याहूनही कमी घेतो, आणि बॅटरी असल्याने दिवे गेले तरी धक्का बसत नाही. फक्त बॅटरी फुगलेली असेल तर ती वापरू नये, लगेच काढवून घ्यावी. तिने आग लागते. आमच्या यंत्राला बॅटरी नाही म्हणून ते घरच्या इन्व्हर्टरवर जोडले आहे. ठेवले आहे राउटरशेजारी, हवेशीर फळीवर. स्वयंपाकघरात नको, फोडणीचा तेलकट धूर पंख्यात बसतो.

एका बाबतीत मात्र मी भलतीच कडक आहे. बाहेरगावाहूनही घरचे फोटो दिसावेत म्हणून राउटरमधून बाहेरच्या जगाला वाट करून देता येते. ती देऊ नये. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचे संकट जगभर पसरले. फायली वाटण्याच्या जुन्या पद्धतीतले एक भोक धरून ते संगणकांत शिरले, सगळे कुलूपबंद केले आणि खंडणी मागू लागले. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांची कामे त्यात खोळंबली. आता ती जुनी पद्धत सांबात मुळातच बंद असते, तरीपण मागच्या दाराला कडी ही हवीच. आमच्या घरी ज्याला फोटो पाहायचे त्याने घरी यावे, चहा मिळेल. महिन्यातून एकदा मी डेबियनच्या नव्या दुरुस्त्या उतरवून घेते, दोन हुकूम आणि दहा मिनिटांचे काम. राउटरचा मूळ पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलला.

आणि दुसरी प्रत! हे सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. सर्व्हर केला म्हणजे सगळे सुरक्षित झाले, असे नाही. वीज पडली, चोरी झाली, डिस्कने मान टाकली, तर एका क्षणात सारे जाईल. पीटर क्रोघ नावाच्या छायाचित्रकाराने तीन-दोन-एक असा नेम लोकांत रुजवला: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. आमच्याकडे एक प्रत सर्व्हरवर, एक कपाटातल्या बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी वन्संकडे. दर तीन महिन्यांनी त्या माहेरी येतात तेव्हा त्यांच्याकडची डिस्क आणतात, मी ती भरून देते. लोणच्याच्या बरणीबरोबर तीही पिशवीत जाते.

आता त्या किल्लीकडे येते. पुष्कळ जाणते सांगतात, की अख्ख्या डिस्कला कुलूप घाला, म्हणजे चोराने नेली तरी त्याला वाचता येणार नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही, आणि जिच्या घरी गुप्त कागद असतील तिने जरूर तसे करावे. मी मात्र नको म्हटले. आमच्या कप्प्यांत बारशी आहेत, मुंजी आहेत, ओव्या आहेत. चोराने ऐकल्या तर ऐकू देत. बँकेचे कागद मी त्यात ठेवतच नाही. सर्व्हरचे नाव, नंबर, पासवर्ड आणि कोणत्या कप्प्यात काय, हे सगळे मी दोन कागदांवर ठळक अक्षरांत लिहिले आहे. एक कागद रेशनकार्डाच्या डब्यात, दुसरा वन्संकडे. ह्यांना, मुलीला आणि मुलाला मी एकेकदा बसवून, कागद हातात देऊन, माझ्या मदतीवाचून फोटो उघडायला लावले. ह्यांना वीस मिनिटे लागली, मुलीला चार. ज्या बाईंची हकीकत मी सांगितली त्या स्वतः घरी येऊन हे पाहून गेल्या, आणि गेल्यावर त्यांनी आपल्या दोन्ही मुलांच्या फोनांचे आकडे वहीत लिहवून घेतले. त्यांच्या यजमानांचे काही फोटो नातलगांकडे निरनिराळ्या फोनांत विखुरलेले होते. ते गोळा करून आम्ही एका पेन ड्राइव्हवर दिले. सदुसष्ट निघाले.

हे सर्वांनीच करावे असे मी म्हणणार नाही. ज्या घरी महिन्यातून एक तास द्यायला कोणी नाही, तिथे हे यंत्र धूळ खाईल आणि खोटा भरवसा देईल, तो वाईट. त्यांनी दोन बाहेरच्या डिस्का घ्याव्या, आलटून पालटून भराव्या, एक माहेरी ठेवावी, पुष्कळ झाले. ज्यांना करायचे आहे त्यांनी यंत्र घेण्यापूर्वी ते ६४ बिटी असल्याची खात्री करावी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले डेबियन १३ जुन्या ३२ बिटी संगणकांवर नव्याने घालता येत नाही. रॅम निदान ४ जीबी असावी. आणि कचेरीतले यंत्र असेल तर त्यातली आधीची माहिती पूर्ण पुसून मगच वापरावे. ती आपली नव्हे.

डेबियन उतरवलेला पेन ड्राइव्ह माझ्याकडे आहे, आणि हुकमांच्या वहीच्या पंधरा झेरॉक्स प्रती मी चिटणीसबाईंकडे दिल्या आहेत. पेन ड्राइव्ह ज्यांना हवा असेल त्यांनी मंडळाच्या नोंदवहीत नाव लिहून न्यावा आणि आठवड्यात परत करावा, कारण दोघींची नावे आधीच लागली आहेत. शनिवारी दुपारी तीननंतर मी घरी असते.